चार वाट्या आणि एक ब्राखा

या वेळी प्रयोग फसणं शक्यच नव्हतं! तिर्त्झाने तो दोनदा फसवून पाहिला होता.

ज्यूंचं नवं वर्ष, म्हणजे मधात बुडवलेलं सफरचंद खायचा सण, चार दिवसांवर आलं होतं. मेलबर्नच्या त्या ज्यू बालवाडीत मध दारांच्या कड्यांपर्यंत पोचला होता. रसायनशास्त्राची पदवी घेऊन आलेल्या तिर्त्झाच्या केसांत तो सोमवारपासून मुक्कामाला होता. प्रयोग साधा. प्रत्येक टेबलावर चार वाट्या, चार सफरचंदाच्या फोडी: कोरडी, लिंबाच्या रसातली, मिठाच्या पाण्यातली आणि मधातली. कोणती आधी काळी पडते, ते मुलांनी बघायचं. सोमवारी मुलांनी प्रयोग खाल्ला. मंगळवारीही खाल्ला. आज अकराला मुख्याध्यापिका फ्रूमेटबाई वर्ग बघायला येणार होत्या. तिची नोकरी कायम होणार की नाही, ते त्यावर ठरायचं होतं.

पण तिर्त्झाने एक गोष्ट टिपली होती. फळ खाण्याआधी ब्राखा, म्हणजे देवाचे आभार मानणारी छोटी प्रार्थना, म्हणायची हे मुलांच्या इतकं अंगात मुरलं होतं, की चोरीसुद्धा ती ब्राखा म्हणूनच करत!

"आज मी सांगेपर्यंत ब्राखा बंद," तिने बजावलं.

"मनातल्या मनातसुद्धा?" पेशाने विचारलं. वय वर्षं चार, स्वभाव वकिलाचा.

"मनातसुद्धा!"

आणि काय आश्चर्य! सोळा फोडी, चौदा मुलं, एकही हात हलेना. तिर्त्झाला रडूच यायचं बाकी होतं.

तेवढ्यात फ्रूमेटबाई आल्या.

"अगं बाई! सणाचं सफरचंद समोर, आणि सगळे असे सुतकात बसल्यासारखे? ब्राखा कोण म्हणणार?"

धरण फुटलं! चौदा गळे एका दमात सुरू झाले. फ्रूमेटबाईंचा पंधरावा. आणि तीन वर्षांची असल्यापासूनच्या सवयीने तिर्त्झाचा सोळावा.

"थांबा!" हा शब्द तिच्या ओठांवर आला आणि तिथेच अडकला. कारण एकदा ब्राखा म्हटली, की पहिला घास घेईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही! तिने मुकाट्याने समोरची फोड तोंडात टाकली. लिंबातली. फ्रूमेटबाईंनी ऐटीत मिठातली उचलली आणि कचकन चावली.

त्यांचा चेहरा बदलला. पण अर्धशतकाची शिस्त! घास गिळला, उरलेली अर्धी फोड अलगद वाटीत ठेवली आणि दहा मिनिटं त्या मुलांची चित्रं बघत फिरल्या. मधेमधे पाणी पीत.

"बाई, बघा! काळं पडलं!" पेशा ओरडली.

चौदा डोकी वाटीवर झुकली. मिठाचं पाणी लागलेली बाजू पांढरीशुभ्र, आणि चावलेली बाजू काळपट.

"छान!" तिर्त्झाला हुरूप आला. "मग काळं कशामुळे पडतं?"

"फ्रूमेटबाईंच्या दातांमुळे!" अख्खा वर्ग म्हणाला.

फ्रूमेटबाईंनी तिर्त्झाकडे पाहिलं.

"याला काय म्हणायचं, तिर्त्झा?"

"निरीक्षण... बाई."

"हं. ब्राखा मात्र सुरेख म्हणतात हो! नोकरी कायम झाली असं समज."

तिर्त्झा खुर्चीत कोसळली. तीही मधाने माखलेली होती.

"पण सण झाल्यावर तान्ह्यांच्या वर्गात," दारातून बाई म्हणाल्या. "तिथं कुणाला अजून बोलता येत नाही."