दिगंबरपंतांच्या पुस्तकाचा सिनेमा होतो

एका जंगलात, मुलांनो, दिगंबरपंत नावाचे एक साळिंदर राहत होते. हसू नका. अंगभर काटे असताना नाव दिगंबर कसं, हे त्यांच्या आईवडिलांना विचारायला हवं होतं. आता ते नाहीत. नीट बसा आणि ऐका.

दिगंबरपंत फार सज्जन होते. इतके, की शेजाऱ्यांना त्याचा त्रास होई. पाणवठ्यावर ते कधी रांग मोडत नसत आणि दुसऱ्या कुणी मोडली तर त्याला नेऊन शेवटी उभं करत. अंथरुणात लोळत पडून "निघालोच, वाटेत आहे" असा निरोप त्यांनी जन्मात कुणाला धाडला नाही. एकदा ते भाऊसाहेब गव्यांच्या घरी बारशाला गेले होते. गवीणबाईंनी विचारलं, "खीर कशी झालीय?" सगळे माना डोलावून वा वा म्हणाले. पंत म्हणाले, "करपलीय." तेव्हापासून त्यांना बारशाची बोलावणी येईनाशी झाली.

अशा सज्जन साळिंदराने शेवटी करायचं काय? त्यांनी पुस्तक लिहिलं.

पुस्तकाचं नाव 'हा आंबा कोणाचा?' गोष्ट अगदी साधी. एका उपाशी भेकराला वाटेत पिकलेला आंबा सापडतो. आंबा आपला नाही, मग खायचा कसा? ते दारोदार विचारत फिरतं. एक म्हातारी घोरपड म्हणते, "माझा आहे बाळा." भेकर चौकशी करतं. घोरपडीकडे आंब्याचं झाडच नाही, हे सिद्ध करतं. मग खोटं बोलण्याचे तोटे तिला समजावून सांगतं. बरीच पानं समजावतं. तोवर आंबा सडतो. भेकर उपाशीपोटी घरी जातं आणि त्याला शांत झोप लागते. मधे मधे सद्वर्तनावर पंतांची स्वतःची मतं होती. मधे मधे म्हणजे सगळीकडेच.

त्या जंगलात पुस्तकं पळसाच्या पानांची असत. सुतारपक्षी ती शिवून देई. पानं दुमडून शिवलेली, त्यामुळे कडेला एकमेकांना जोडलेलीच राहत. वाचणाऱ्याने नखाने एकेक कड चिरायची आणि पुढे जायचं, अशी पद्धत.

पंतांनी घरटी एक प्रत वाटली, 'सप्रेम भेट' असं लिहून. भेट म्हटल्यावर कोण नको म्हणतं? मग पंत वाट बघत बसले. कुणी भेटलं की विचारत, "वाचलंत का?"

"वाचतोय ना, पंत! छान आहे हं!"

"कुठवर आलात?"

"मधल्यात आहे."

कित्येक पावसाळे सगळं जंगल मधल्यात होतं.

"लोक वाचत नसतील हो," पंतांच्या पत्नी सत्यभामाबाई एकदा म्हणाल्या.

"तू तरी वाचलंस का?"

"मी कशाला वाचू? मी रोज ऐकते ना."

पंतांना फार वाईट वाटलं. मानपान त्यांना नको होता. कुणीतरी एकाने आपलं पुस्तक पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. वाचून भांडायला आला तरी चालला असता.

आता येतात सर्जेराव तरस. जंगलात हे नाव बदनाम. दुसऱ्याने मारलेली शिकार खायची आणि वर खी खी करून हसायचं, हा त्यांचा खानदानी धंदा. सर्जेरावांनी तो सोडून सिनेमे काढायला घेतले होते. मोठ्या गुहेत, पांढऱ्या भिंतीवर, काजव्यांच्या उजेडात. कसे काढत, ते मला विचारू नका. तुमच्या घरात चालतात ते तरी कसे चालतात, ठाऊक आहे का तुम्हाला?

सर्जेराव पंतांच्या दाराशी येऊन अदबीने म्हणाले, "पंत, तुमच्या पुस्तकावर सिनेमा काढायचा म्हणतो."

पंतांचे काटे उभे राहिले. आनंदाने की संशयाने, ते त्यांनाही कळलं नाही. "माझ्या भेकराला नाचायला लावाल," ते म्हणाले.

"नाही लावणार."

"आंबा खायला लावाल!"

सर्जेराव जरा घुटमळले. "ते मात्र बघावं लागेल," ते म्हणाले. पंतांनी कुरकुरत का होईना, परवानगी दिली.

सिनेमा लागला तेव्हा गुहेत पाय ठेवायला जागा नव्हती. पंत सगळ्यांत पुढे बसले होते, सत्यभामाबाई शेजारी. सुरुवात जशीच्या तशी होती. भेकर, आंबा, दारोदार हिंडणं. मग म्हातारी घोरपड आली आणि म्हणाली, "माझा आहे बाळा." पंत उपदेशाची वाट पाहत सरसावून बसले. पण भेकराने तिच्याकडे नुसतं पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग म्हणालं, "मलाही वाटलंच, तुमचाच असणार," आणि आंबा तिच्या पुढ्यात ठेवला. घोरपडीने तो फोडला आणि अर्धा त्याला दिला. दोघं न बोलता खात बसली. सिनेमा संपला.

पंतांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. आपण रडतोय याचा त्यांना इतका राग आला की ते आणखीच रडले.

बाहेर गर्दी उभी होती. सगळ्यांत आधी टिटवी ओरडली, "पुस्तकाची सर नाही!"

"छे छे, पुस्तकाचं पार वाटोळं केलं," माकड म्हणालं.

"पुस्तक ते पुस्तकच!" भाऊसाहेब गवे गंभीरपणे म्हणाले. ते जंगलातल्या वाचनप्रेमी मंडळाचे अध्यक्ष होते, त्यामुळे बाकीच्यांनीही गंभीर होऊन माना हलवल्या.

मुलांनो, पंतांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. एवढे वाचक! इतके दिवस होते तरी कुठे? दुसऱ्या दिवसापासून पंतांना घरोघरची आमंत्रणं सुरू झाली. जो तो त्यांना पाटावर बसवून पुस्तकाची थोरवी सांगू लागला.

"तो पावसाचा प्रसंग, पंत! सिनेमात गाळलाच मेल्याने," टिटवी हळहळली.

पुस्तकात पाऊस नव्हता. पंतांना वाटलं, टिटवीच्या मनात पडला असेल. मोठं पुस्तक वाचताना होतं असं.

"आणि ती वाघाशी मारामारी!" माकड म्हणालं. "वाचताना माझी शेपूट ताठ झाली होती."

पुस्तकात वाघही नव्हता. पंतांनी मनाला समजावलं, की माकडाने घाईत वाचलं असेल.

मग ते भाऊसाहेबांकडे गेले. पुस्तक कोनाड्यात मांडून ठेवलं होतं, वर झेंडूचं फूल. "रोज एक पान वाचल्याशिवाय मी पाण्याला तोंड लावत नाही," भाऊसाहेब म्हणाले आणि गूळ आणायला आत गेले. पंतांनी मायेने पुस्तक हातात घेतलं. पानांच्या सगळ्या कडा जोडलेल्या होत्या. पहिली कडसुद्धा चिरलेली नव्हती.

गूळ न खाताच पंत निघाले. टिटवीकडे गेले, माकडाकडे गेले, सशांकडे, रानडुकरांकडे, मोरांकडे गेले. काहीतरी निमित्त काढून पुस्तक हातात घ्यायचे आणि कडा बघायचे. सगळ्या प्रती सुतारपक्ष्याकडून आल्या होत्या तशाच कोऱ्या होत्या.

पंत तडक सर्जेरावांच्या गुहेत शिरले. राग कुणावर तरी काढायलाच हवा होता, आणि सर्जेराव बदनाम असल्याने सोयीचे होते.

"माझा शेवट बदलणारे तुम्ही कोण?" पंत गरजले.

सर्जेरावांनी शांतपणे एक पुस्तक पुढे ओढलं. पान न् पान चिरलेलं. कडा कुरतडलेल्या, मधे चिखलाचे डाग, एके ठिकाणी करवंदाचा रस सांडलेला. पंत बघतच राहिले.

"तुम्ही... वाचलंत?"

"म्हणजे काय? न वाचता सिनेमा काढू? पहिल्यांदा वाचलं तेव्हा फार संतापलो. किती हो उपदेश! पुस्तक गुहेबाहेर भिरकावून दिलं. मग राहवेना, म्हणून जाऊन परत आणलं."

"मग शेवट का बदललात?"

"मी कुठे बदलला? तुम्हीच लिहून ठेवलाय." सर्जेरावांनी एक मळकं पान उघडून वाचलं, "'घोरपडीच्या बरगड्या दुरूनही मोजता येत होत्या.' हे वाक्य तुमचंच ना? असं वाक्य लिहिणारा तिला हात हलवत परत पाठवेल का, पंत? तुमचं भेकर तिला उपदेश करतंय, पण तुमची नजर तिच्या बरगड्यांवर आहे. मी भेकराचं ऐकलं नाही. तुमच्या नजरेचं ऐकलं."

पंतांनी पुस्तक ओढून घेऊन ते पान स्वतः वाचलं. ते वाक्य आपण लिहिल्याचं त्यांना आठवतसुद्धा नव्हतं. मग दोघं भांडले. आंबा देणं म्हणजे खोट्याला साथ देणं नव्हे का? आणि उपाशी म्हातारीचं खोटं खरंच तेवढं मोठं असतं का? सर्जेरावांना पानंच्या पानं पाठ होती. उन्हं कलली तरी भांडण संपेना. पंतांच्या आयुष्यातली ती सगळ्यांत सुंदर दुपार होती.

निघताना सर्जेराव म्हणाले, "पंत, उद्या मंडळाची सभा आहे. पुस्तक बिघडवलं म्हणून मला जंगलाबाहेर काढणार आहेत. तुम्ही एवढंच सांगा, की याने पुस्तक वाचलंय. सिनेमा आवडला नाही म्हणालात तरी चालेल."

"सांगेन की! मी कधी खोटं बोललोय का?"

सभेला अख्खं जंगल लोटलं होतं. सर्जेराव एका कोपऱ्यात उभे होते. भाऊसाहेबांनी पंतांना हार घातला. तो काट्यांत अडकला, तरी टाळ्या पडल्या. मग भाऊसाहेबांनी जाहीर केलं, की यापुढे दर वर्षी पंतांच्या नावाने उत्सव होईल आणि प्रत्येक घरात पुस्तकाची नवी प्रत जाईल.

"पंत, तुम्हीच सांगा," भाऊसाहेबांचा आवाज भरून आला. "आपल्या पुस्तकाचं या तरसाने वाटोळं केलं की नाही?"

पंत उभे राहिले. समोर सगळे होते. एकानेही कड चिरलेली नाही, हे पंतांना पक्कं ठाऊक होतं. पण सगळे त्यांच्याकडे किती प्रेमाने बघत होते! टिटवीच्या डोळ्यांत तर पाणी होतं. मुलांनो, आयुष्यभर खरं बोलणाऱ्या साळिंदराकडे असं कुणी कधी बघितलं नव्हतं. पंतांनी कोपऱ्याकडे पाहिलं. सर्जेराव मान हलवून धीर देत होते, बोला बोला म्हणून.

पंतांनी घसा साफ केला. "पुस्तक," ते म्हणाले, "ते पुस्तकच."

सभेत एकच जल्लोष झाला. पंत खाली बसले आणि मनाशी म्हणाले, यात खोटं काय आहे? पुस्तक हे पुस्तकच असतं. दगड थोडाच असतो? सत्यभामाबाई मात्र त्यांच्याकडे अनोळखी साळिंदर बसल्यासारख्या बघत होत्या.

मग पंतांची मिरवणूक निघाली, भाऊसाहेबांच्या पाठीवरून. माकडांनी ढोल बडवायला घेतले. वाटेत, जंगलाच्या वेशीपाशी, सर्जेराव गाठोडं घेऊन निघालेले दिसले. मिरवणूक जवळ आली तसे ते बाजूला झाले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर पंतांना बरं वाटलं असतं.

"पंत!" त्यांनी खालून हाक मारली. "दुसरं पुस्तक लिहिलंत तर पाठवा हं! मी वाचीन!"

पंतांना ते स्वच्छ ऐकू आलं. पण ढोल इतके वाजत होते, की ऐकू न आल्यासारखं दाखवणं सोपं होतं. त्यांनी हार सारखा केला आणि दुसऱ्या बाजूच्या गर्दीला नमस्कार केला.

तात्पर्य: मुलांनो, पुस्तक कधीही वाचू नये. न वाचणाऱ्यांचं त्यावर लगेच एकमत होतं आणि ते सगळे एका जंगलात सुखाने नांदतात. वाचणाऱ्याला गाठोडं बांधावं लागतं.