गच्चीवरचे सत्तावीस अंश

दर्पण कॉलनीतल्या घरात, पुढच्या खोलीतल्या दिवाणावर पडून पुष्कर एका चिपचा जीव वाचवत होता. मे महिन्याची दुपार, कूलरमधल्या वाळ्याचा वास आणि पोटात आमरस. अशा वेळी भल्याभल्यांना डुलकी आवरत नाही, आणि पुष्कर तर जन्माचाच स्वप्नाळू.

काम तसं साधं होतं. रस्त्यावरच्या दिव्यांसाठी त्यानं जो बोर्ड बनवला होता, त्यावरच्या चिपचा आतला गाभा एकशे पंचवीस अंशांपुढे तापला, की चिप गेलीच. गाभ्यात थर्मामीटर घालता येत नाही, म्हणून हिशेब मांडायचा: बाहेरच्या हवेचं तापमान, अधिक चिप काम करताना स्वतः तापते ते सत्तर अंश. पुण्याच्या ऑफिसातल्या हेमांगी मॅडमनी हा हिशेब दोनदा परत पाठवला होता.

"ग्वाल्हेरला राहतोस आणि कूलरची हवा धरतोस? गच्चीवर मोज. आज चारपर्यंत नीट आलं नाही, तर बोर्ड दुसऱ्याला देईन."

दोन वर्षं जपलेला बोर्ड दुसऱ्याच्या हाती जाणार, या विचारानं पुष्करला आमरसही गोड लागला नव्हता. त्यानं बोर्ड गच्चीवर टाकीच्या सावलीत ठेवला, हवेचं तापमान मोजणारी तार शेजारी टांगली आणि आकडे खाली लॅपटॉपवर येतील अशी सोय केली. आकडा आला सेहेचाळीस. सेहेचाळीस आणि सत्तर, एकशे सोळा. बसतंय की! त्या समाधानात त्याचा डोळा लागला. स्वप्नात ग्वाल्हेरचा किल्ला डोंगरावरून अलगद सुटून ढगासारखा तरंगत होता आणि बुरुजावर गार वारा वाहत होता.

जाग आली तेव्हा लॅपटॉपवर सत्तावीस होते. पुष्करनं पाव तास वाट पाहिली. आकडा हलेना. स्वप्न आणि आकडा इतके छान जुळले होते, की शंका घेणं त्याच्या जिवावर आलं. त्यानं सत्त्याण्णव लिहून हिशेब पाठवून दिला.

"अवंतिका, बाहेर सत्तावीस आहे!" त्यानं बायकोला हाक मारली.

"सच में? मग कूलर कशाला चालू ठेवायचा? थांब, खिडक्या उघडते."

खिडकी उघडली आणि भट्टीचं दार उघडावं तशी लू आत शिरली. पडदा पंख्याला जाऊन भिडला, टेबलावरचे कागद खोलीभर उडाले. "ही तुझी ठंडक?" अवंतिका किंचाळली, आणि तेवढ्यात फोन वाजला.

"पुष्कर, मे महिन्यात ग्वाल्हेरला सत्तावीस?"

"मॅडम, मौसम जरा..."

"गच्चीवरून फोटो पाठव. आत्ता."

मॅडमचा आवाज थंड होता. त्यांच्या आतला आकडा काय असेल, याचा पुष्करनं मनात हिशेब केला आणि तो चप्पल न घालताच जिन्याकडे पळाला. तळपाय भाजत, वाळत घातलेल्या कुरडया चुकवत तो टाकीपाशी पोचला. तारेच्या टोकाला ओला पंचा गुंडाळलेला होता. बोर्डाशेजारी एक सोललेला कांदा होता. बाजूला त्याची आई, सरोजिनीबाई, कुरडया उलटत होत्या.

"आई! हे काय गं?"

"अरे, हात लावला तर केवढं गरम होऊन राहिलं होतं बिचारं! तू तर लूमध्ये ठेवून मजेत झोपलास. म्हणून ओली पट्टी ठेवली. लू लागू नये म्हणून शाळेत जाताना तुझ्या खिशात कांदा द्यायचे की नाही मी?"

पुष्करनं पंचा सोडला. तार सुकली आणि आकडा चढत चढत सेहेचाळीसवर येऊन थांबला. घाईघाईत फोटो काढून त्यानं नवा हिशेब पाठवला आणि खाली येऊन पाय बादलीत बुडवून बसला. चार वाजायला पाच मिनिटं असताना उत्तर आलं. ते त्यानं मोठ्यानं वाचलं.

"एकशे सोळा. मंजूर. बोर्ड तुझ्याकडेच राहील. मात्र फोटोत बोर्डाशेजारी कांदा दिसतो. सुट्या भागांच्या यादीत तो नाही. खुलासा कर."

"त्यात खुलासा कसला?" कुरडयांची परात खाली ठेवत सरोजिनीबाई म्हणाल्या. "लागली का त्याला लू? नाही ना?"

पुष्करनं यादी उघडली, क्षणभर खिडकीबाहेर पाहिलं, आणि शेवटच्या ओळीत लिहिलं: कांदा, एक.