तांडेलकाकांची नोंद

आमच्या खालच्या मजल्यावरच्या तांडेलकाकांच्या घरात काही फुटलं, सांडलं, तर तुम्ही हलायचं नाही. माझ्या हातून त्यांची बशी फुटली तेव्हा मी चांगली दहा मिनिटं एका पायावर उभा होतो. काका मोजायची टेप लावून एकेका तुकड्याची जागा कागदावर काढत होते. "हात लावू नको. आधी नोंद, मग झाडू." कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी उत्तर दिशेचा बाणही काढला.

माणूस मूळचा जुन्या भाईंदरच्या कोळीवाड्यातला, पण नोकरी उत्खननावर नकाशे काढायची. एका आटलेल्या तळ्याकाठी प्राचीन वस्ती सापडली होती, तिथे काकांनी उमेदीची वर्षं उन्हात काढली. तिथल्या एका घरात भिंतीकडेला मातीचे भोकं पाडलेले गोळे ओळीने पडलेले होते. साहेब ते पिशवीत भरायला निघाले, तर काकांनी सरळ त्यांचा हात धरला.

"जाळ्याची वजनं हायत ती, साहेब. जाळं सुकत टांगलेलं, दोरा कुजला, वजनं पडली. अशीच उचललीत तर हा माणूस पुन्हा मरंल."

हा किस्सा मी किमान वीसदा ऐकलाय. आमच्या शांती नगरात बाकी कोणाला तेवढी सवड नाही. इथे ते नुसते 'टेपवाले अंकल'.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे वाळवी निघाली आणि औषध मारायला नितीनची खोली रिकामी करावी लागली. नितीन म्हणजे त्यांचा मुलगा. तीन वर्षांपूर्वी बापाशी भांडून पुण्याला गेला, तो परत फिरकला नाही. काकांनी आधी खोलीचा नकाशा काढला. पलंग, चार्जर, पालथं पुस्तक, दाराशी घरात घालायच्या चपला. मग औषध मारून झाल्यावर ते नकाशा वाचणार आणि मी वस्तू जागेवर ठेवणार, असं आमचं काम सुरू झालं. चार्जरची वायरसुद्धा होती तशी वळवली. इतके दिवस या माणसाला हसलो, याची मला त्या खोलीत लाज वाटली.

शेवटी चपला राहिल्या. नकाशात डावी चप्पल उलटी होती. उलटी चप्पल घरात भांडण लावते हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण मी ती नकाशाप्रमाणे उलटीच ठेवली.

काकांनी कागदाकडे बघितलं, चपलेकडे बघितलं. मग गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि ती सुलटी केली.

"काका, नकाशात उलटी आहे."

"नोंद चुकली आसंल माझी," ते म्हणाले, आणि माझ्याकडे खोडरबर मागितलं.