महेबूबचाचांचा हात

महेबूबचाचा माणसाचं तोंड बघत नाहीत, मनगट बघतात. आमच्या गल्लीतल्या एकाही बाईचं नाव त्यांच्या ध्यानात राहत नाही, बांगडीच्या मापावरून ओळखतात सगळ्यांना. "ती नळापल्याडची दोन-चार बाळंतपणाला गेली काय गं?" असं भर रस्त्यात विचारतील. मी लग्न होऊन लातुरात आले तेव्हा दोन-चार होते, आता दोन-आठ झाले. हे चाचा माझ्या नवऱ्यासमोर, भाजीच्या गाड्यावर, चारचौघांत सांगतात. जळलं मेलं ते माप!

वाडवडिलांपासून मणियाराचा, म्हणजे बांगड्या भरायचा धंदा. आमच्याकडं परक्या बाप्यानं बाईचा हात धरला तर डोकी फुटतील, पण मणियार बापाच्या जागी. चाचा बोटं चेपत, गप्पांत गुंगवत काचेची बांगडी अशी सरकवायचे की कळायचंही नाही. "हात ढिला सोड लेकी. सासूचा राग मुठीत धरू नको," हे ठरलेलं वाक्य. सासू शेजारी बसलेली असली तरी.

भूकंपाच्या साली किल्लारीकडं लोक पत्र्याच्या शेडांत राहत होते, तिथं चाचा बांगड्यांची पेटी घेऊन गेले. एकानं झापलं, "माणसं मेलीत, अन् तुम्ही बांगड्या विकून राहिले?" विकत कुठं होते! लहान पोरींना फुकट भरत होते. म्हणाले, "अंधारात बांगडी वाजली की मायला कळतंय, पोर जित्ती हाय."

पुढं लातुरात क्लासेसचं पीक आलं. मी क्लासच्या पोरींसाठी खानावळ काढली, माझं बरं चाललं. चाचांचं दुकान मात्र बसलं. परीक्षेला बांगडी चालत नाही, आणि या पोरी बारा महिने परीक्षेलाच बसलेल्या. "समद्या डाक्टर होऊन राहिल्या, अन् हात बघ, भुंडे!" म्हणून चाचा माझ्या दारात येऊन करवादायचे.

त्यातच त्यांना लकवा मारला. पाय सुधारला, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेना. चाची आधीच गेलेल्या, लेक हैदराबादेत. मग कोण बघणार? मीच. दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, ऑक्युपेशनल थेरपिस्ट शोधा, हाताला रोजची कामं परत शिकवतात ते.

शोधा म्हणे! ज्याला विचारावं तो व्यायामवाल्यांकडं पाठवी. व्यायामवाले म्हणाले, चालवून दिलं, बारीक काम आमचं नाही. एकानं छातीठोक पत्ता दिला म्हणून धापा टाकत तिसरा मजला चढलो, तर वर बायोलॉजीचा क्लास. काउंटरवरच्या बाईनं मान वर न करताच विचारलं, "रिपीटर का?"

"हौ," चाचा म्हणाले. "हात नापास हाय."

अखेर नांदेडला एक सापडली. कोवळी पोरगी, पण हुशार. तिनं पहिल्याच दिवशी विचारलं, "चाचा, या हातानं तुम्हाला काय करायचंय?" चाचा गडबडले. तोवर ज्यानं त्यानं काय होत नाही तेवढंच विचारलेलं. हळूच म्हणाले, "बांगड्या भरायच्यात."

मग दर सोमवारी एसटीनं नांदेड. सुरुवातीला मी सोबत, पुढं चाचा एकटेच. ती त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेऊन एकेक बोट उघडायची, मग गुंड्या लावायला द्यायची, फडकं पिळायला लावायची. घरी कणीक मळायला सांगितलेलं. माझ्या खानावळीतल्या पोरींनी कितीतरी दिवस चाचांच्या हातच्या पोळ्या खाल्ल्या. पण नांदेडात चाचांचं एकच, "न्हाई बेटा, अजून येईना."

एका मंगळवारी मी डबा द्यायला गेले. बघते तर काय! भाजीवालीच्या नातीला चाचा बांगड्या भरत होते, उजव्या हातानं, सरसर.

"चाचा! काल तर म्हणालात, तिच्यासमोर बोट हलत नव्हतं!"

चाचांनी पोरीला घरी धाडलं. मग म्हणाले, "बरं झालं म्हणलं तर ती म्हणंल, आता येऊ नका."

"मग नका जाऊ. एवढ्या लांब धक्के खात जायचं कशाला?"

"बेटा, जिंदगीभर समद्यांचे हात मी धरले. माझा धरणारी एक चाची होती, ती गेली. आता घरात दिसभर कुणी हात लावत न्हाई मला. ती पोरगी अर्धा घंटा धरती."

त्या म्हाताऱ्याचं खोटं उघडं पाडायला मी कोण?

सोमवारी धपाटे बांधून दिले आणि स्टँडवर पोचवायला गेले. चाचा उजवा हात लुळा सोडून, डाव्यानं दांडी धरून मोठ्या कष्टानं बसमध्ये चढले.

"अहो, इथं कोण बघतंय?" मी खालून हळूच म्हटलं.

खिडकीतून वाकून म्हणाले, "सराव करून राहिलो, बेटा. लई बारकाईनं बघती ती."