बाकाची तरतूद

गुलाबराव नगरपरिषदेच्या सभेला स्वतःची खुर्ची घेऊन जायचा. निळी, प्लास्टिकची, एक हात तुटलेला, तो तारेने बांधलेला. सायकलच्या कॅरिअरवर ती उलटी बांधायची, चारी पाय आभाळाकडे, आणि भर बाजारातून घंटी वाजवत निघायचं. "तिथल्या खुर्च्या नगरसेवकाईच्या. आपन कोनाचे उपकार कायले घ्याचे?"

हा माझा शेजारी. त्याचा वांग्या-पालकाचा मळा आणि माझं वावर, मध्ये एक धुरा, म्हणजे बांध. त्या धुऱ्यावरून आम्ही उभी हयात भांडलो. तो सातवी पास, मी चौथी नापास. म्हणून सभेहून आला की तो मला बजेट समजावून सांगायचा आणि मी सगळं समजल्यासारखी मान हलवायचो.

सभेतून त्याने एक शब्द घरी आणला होता, तरतूद. बायकोने दुसरा चहा दिला नाही की, "तरतूद संपली का वं?" सुनेने पाहुणे येणार म्हटलं की, "कोनत्या हेडखाली?"

मागणी मात्र त्याची एकच. दरवर्षी बजेटच्या सभेआधी अर्ज द्यायचा, आमच्या रस्त्यावरच्या विजेच्या खांबापाशी सिमेंटचा एक बाक बसवा. दरवर्षी उत्तर यायचं, तरतूद नाही. कधी नाली आडवी यायची, कधी घंटागाडी.

मी हसायचो. "अबे गुलाब्या, खुर्ची घेऊन फिरनाऱ्याले बाक कायले पाह्यजे?"

"तुले नाई समजाचं. चौथी नापास!"

आता त्या खांबाचं सांगतो. बाजारातून परत येताना माझे गुडघे नेमके तिथेच संप करतात. पण म्हातारा दमला असं कोणी म्हणू नये, म्हणून मी खांबावरच्या जाहिराती वाचत उभा राहतो. गणिताच्या ट्यूशनचा फोन नंबर मला तोंडपाठ आहे. पानठेलेवाला स्टूल पुढे करतो, तर त्याच्यावरच डाफरतो, "बसाले म्हातारा झालो का मी?" पोराने काठी आणून दिली, तिच्यावर मी वालाचा वेल चढवला.

यंदा गुलाबरावाची फजिती पाहायला मीही सभेला गेलो. मागच्या दाराशी उभा राहिलो. नगरपरिषदेच्या बाबूने गुलाबरावाचा अर्ज वाचला: "सदर खांबाजवळ एक वृद्ध नागरिक रोज थांबतात. त्यांचे गुडघे गेलेले आहेत. कोणी स्टूल दिल्यास बसत नाहीत, कारण स्वभावाने अकडू आहेत. परंतु घरपट्टी वेळेवर भरतात. सरकारी बाक असल्यास हक्काने बसतील."

सभागृह हसलं. सगळ्यात जोरात मी हसलो. मग माझा हात आपसूक माझ्याच गुडघ्यावर गेला.

साहेब म्हणाले, "यंदा सगळं नळयोजनेत गेलं. तरतूद नाही." गुलाबरावाने खुर्ची उचलली. मी तिथून सटकलो. त्याने मला पाहिलं नसावं, असं मी धरून चालतो.

चौथ्या दिवशी बाजारातून येतो, तर खांबाला साखळीने एक खुर्ची बांधलेली. पाठीवर पांढऱ्या रंगाने लिहिलेलं, "न. प. मालमत्ता". अक्षरं ओघळलेली. चौथी नापास असलो तरी हाताला बांधलेली ती तार मी ओळखतो. माझ्याच कुंपणाची आहे, त्याने चोरलेली.

इकडेतिकडे पाहिलं आणि बसलो. रंग ओला होता. घरी गेल्यावर बायकोने सांगितलं की माझ्या पाठीवर नगरपरिषद उलटी छापली आहे.

पण त्याआधी गुलाबराव सायकलवरून आला. कॅरिअर रिकामं.

"मंजूर झाला वाट्टे?" मी विचारलं.

"हाव. निघाली तरतूद."

"निघनच ना! टॅक्स भरतो आपन. हक्क हाये."

"म्हून तं," तो म्हणाला आणि घंटी वाजवत निघून गेला.

पुढच्या सभेला मी पुन्हा गेलो. आत खुर्च्या रिकाम्या होत्या. गुलाबराव दाराशी, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत, नोटीसबोर्ड वाचत उभा होता. मीही त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो. बोर्डावर एकच नोटीस होती. सभा संपेपर्यंत आम्ही दोघं तीच वाचत राहिलो.