वामनरावांच्या पोच्याचा पंचनामा

एका जंगलात एकदा डांबरी रस्ता झाला आणि रस्ता आहे म्हणून मग गाड्याही आल्या. मुलांनो, जंगलात गाड्या कशा, असं विचारायचं नाही. तुमच्या शहरात माणसं कशी, असं आम्ही कधी विचारलं का?

त्या जंगलात वामनराव खवले राहत. वामनराव म्हणजे खवल्या मांजर. आता खवल्या मांजर हे काही मांजर नव्हे. अंगभर कडक खवले, हातभर जीभ, आणि आहार म्हणजे मुंग्या नाहीतर वाळवी. भीती वाटली की अंगाचा चेंडू करून पडून राहायचं, हा त्यांच्या घराण्याचा स्वभाव. वामनरावांचे आजोबा तर लग्नात बँड वाजला तेव्हा चेंडू झाले होते आणि त्यांना तसंच बोहल्यावर ठेवावं लागलं होतं.

वामनरावांनी लाल रंगाची गाडी घेतली होती. घेऊन सहा महिने झाले तरी सीटवरचं प्लास्टिक त्यांनी काढलं नव्हतं. नियमाला फार पक्के. रस्त्यावर दुसरं चिटपाखरू नसलं तरी वळताना हात दाखवत. सरळ जाताना दोन्ही हात दाखवत.

त्यांना एक लेक होती, कुंदा. तिचं लग्न त्याच वर्षी झालं होतं आणि ती डोंगरापलीकडच्या रानात नांदत होती. त्या जंगलात रीत अशी की लेकीची पहिली संक्रांत माहेरी करायची. काळी साडी नेसवायची, हलव्याचे दागिने घालायचे, आळीतल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलवायचं. वामनरावांनी तिला पत्र पाठवलं होतं : ‘संक्रांतीला सकाळी गाडी घेऊन येतो. तयार राहा.’ घरात सिंधूबाई, म्हणजे त्यांची बायको, शेगडीपुढे बसून पंधरा दिवस हलव्याला काटा आणत होत्या. लेक लग्नानंतर एकदाही आली नव्हती. दोघांचंही सगळं लक्ष त्या एका दिवसाकडे लागलेलं होतं.

संक्रांतीला आठ दिवस होते. लांबचा प्रवास म्हणून वामनराव सकाळी चाकांत हवा भरून आणायला निघाले. पौषातलं धुकं असं दाट, की गाडीचं नाक गाडीला दिसेना. रस्त्यावर सागाची पानं पडली होती आणि पानांवर दंव होतं. तेवढ्यात शेजारच्या गवतातून टिटवी ओरडली. टिटवीला काही झालं नव्हतं. ती तशीच ओरडते.

वामनराव जागच्या जागी चेंडू झाले. चेंडूला स्टिअरिंग धरता येत नाही आणि ब्रेकही दाबता येत नाही. गाडी ओल्या पानांवरून हळूच, अगदी सवडीनं घसरत गेली आणि रस्त्याकडेच्या वारुळाला टेकली.

वामनराव उलगडून खाली उतरले. बंपरला डाव्या बाजूला पोचा आला होता. आमटीची वाटी बसेल एवढा. बाकी गाडीला काही झालं नव्हतं, आणि वारुळाचं फक्त एक ढेकूळ पडलं होतं.

बातमी ऐकून सिंधूबाई उकळत्या पाण्याची किटली घेऊनच आल्या.

“अहो, प्लास्टिकच तर आहे. थंडीनं कडक झालंय. मी वरून पाणी ओतते, तुम्ही आतून दाबा. टपकन बाहेर येईल.”

“हात लावू नकोस!” वामनराव ओरडले. “गाडीचा विमा आहे. एकोणिसाव्या पानावर लिहिलंय, पाहणी होईपर्यंत नुकसानीला हात लावू नये आणि वाहन हलवू नये.”

“एवढ्याशा पोच्याला?”

“पोचा लहान आहे. नियम लहान नाही.”

सिंधूबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं, पोच्याकडे पाहिलं, आणि त्या किटलीच्या पाण्याचा तिथेच चहा केला. गाडी वारुळाला टेकलेलीच राहिली.

चौथ्या दिवशी सर्वप्राणी विमा मंडळाचे बगळेसाहेब आले. पांढरे स्वच्छ कपडे, काखेत फाइल. ते एका पायावर उभे राहिले. दुसरा पाय ते कचेरीबाहेर वापरत नसत.

“धडक कोणाला दिलीत?”

“वारुळाला.”

“अपघातावेळी चालक काय करत होता?”

“गुंडाळलेला होता.”

“मद्यपान?”

“नाही हो. टिटवी.”

बगळेसाहेबांनी ‘टिटवी’ असं लिहिलं. मग विचारलं, “आपला आहार?”

“वाळवी,” वामनराव प्रामाणिकपणे म्हणाले.

बगळेसाहेबांची लेखणी थांबली. त्यांनी वारुळाकडे पाहिलं, मग वामनरावांकडे. “म्हणजे हा अपघात आहे की जेवण?”

एवढ्यात वारुळाच्या टोकावर वाळवीची चिटणीस आली. आवाज बारीक, पण बोलणं ठणठणीत. “साहेब, लिहून घ्या. याच्या आजोबांनी आमचं घर नखांनी फोडलं. वडिलांनी नखांनी फोडलं. हा गाडी घेऊन आला. शिकलासवरलेला आहे, एवढाच काय तो फरक.”

“खोटं आहे!” वामनराव म्हणाले. “मी घरून नाश्ता करून निघालो होतो.”

“नाश्त्याला काय होतं?” चिटणीसबाईंनी विचारलं.

वामनरावांनी घाईनं तोंड पुसलं. तुम्हीही पुसलं असतं.

बगळेसाहेब म्हणाले, “बाई, तुमचा जबाब यात उतरवलाय. वाचा आणि सही करा.” त्यांनी फॉर्म वारुळावर ठेवला. वाळवी वर आली आणि तिनं फॉर्म वाचायला घेतला. कोपऱ्यापासून सुरुवात केली, मधला मजकूर वाचला, शिक्का वाचला, समासही वाचला. वाळवीनं कागद वाचून संपवला की तो खरोखरच संपतो. नवा फॉर्म आणायला बगळेसाहेबांना कचेरीत जाऊन यावं लागलं आणि त्यात एक दिवस गेला.

दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, “हे असं मिटायचं नाही. पंचनामा करू. दोन पंच आणा. हा अपघातच होता, पोचा नवा आहे, एवढं त्यांनी पाहून सांगितलं की तुम्ही मोकळे.”

मुलांनो, इथे सगळं मिटलं असतं. रस्त्यावर त्या वेळी एक माकड आणि एक घोरपड उभेच होते. मोजून दोन. पण वामनरावांच्या कपाळावर आठी पडली.

“साहेब, दोनच?”

“दोन पुरतात.”

“पण शब्द पंचनामा आहे. पंच म्हणजे पाच. पंचपक्वान्न दोन पदार्थांचं होतं का? पंचांग दोन अंगांचं असतं का?”

“अहो, सगळीकडे दोनच घेतात.”

“घेत असतील. उद्या कोणी विचारलं, बाकीचे तीन कुठे गेले, तर मी काय सांगू?”

बगळेसाहेबांनी पाय बदलला. कचेरीबाहेर हे पहिल्यांदाच घडत होतं. मग ते म्हणाले, “मुद्दा आहे.” आणि त्यांनी फॉर्मवर लिहिलं : ‘अर्जदाराच्या विनंतीवरून पंच पाच.’ एकदा लिहिलं ते लिहिलं. आता चारांवरही भागणार नव्हतं.

सिंधूबाई कपाळाला हात लावून म्हणाल्या, “अहो, कुंदी वाट बघत असेल. गाडी चालतेय ना? पोच्यासकट जा की!”

“पंचनामा झाल्याशिवाय गाडी हलवता येत नाही. आणि लेकीच्या सासरी पोचा घेऊन जाऊ? लोक काय म्हणतील?”

“लोक म्हणतील, लेकीला न्यायला बाप आला.”

यावर काही कलम आहे का, ते वामनरावांनी एकोणिसाव्या पानावर पाहिलं. ते पंच शोधायला निघून गेले.

पाहणी सुरू झाली. पंचानं प्रत्यक्ष हात लावून खात्री करायची, असा नियम. माकडानं पोच्यात बोट घातलं, मग मूठ घातली, मग पोचा किती खोल आहे ते बघायला आत पाय देऊन उडी मारली. जाताना त्यानं दोन्ही वायपर पुरावा म्हणून नेले. घोरपडीनं जिथं हात लावला तिथून तिचा हात सुटेना. चौघांनी ओढली तेव्हा ती सुटली, पण बंपरही तिच्याबरोबर आला; तो परत अडकवून ठेवावा लागला. रानडुकराला जवळचं दिसत नाही. “कुठाय पोचा? इथं? की इथं?” असं विचारत त्यानं सुळ्यानं सात ठिकाणी दाखवलं, आणि सातही ठिकाणी तो आता होता. चौथा पंच म्हणून मोराला बोलावलं. त्यानं पोच्याकडे पाहिलंच नाही. गाडीच्या आरशात त्याला दुसरा मोर दिसला आणि त्यांचं दोघांचं जुंपलं. दुसरा मोर हरला.

वामनराव शेजारी उभे राहून सगळं पाहत होते. पडलेला प्रत्येक तुकडा उचलून ते सीटवरच्या प्लास्टिकवर ठेवत होते. पण प्रत्येक सही झाली की त्यांना बरंही वाटत होतं. चार झाल्या, एकच राहिली.

पाचवा पंच मिळेना. भोगीचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी संक्रांत. घरी सिंधूबाईंनी बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी केली होती, हलव्याच्या बिंदीत शेवटचा दाणा ओवला होता, आणि त्या नवऱ्याशी एक शब्द बोलत नव्हत्या. दुपारी वामनरावांना ओढ्याकाठी हत्तीअण्णा दिसले. हत्तीअण्णा जंगलातले सगळ्यात सज्जन. भांडण नाही, तंटा नाही, पाहुणा म्हणून आले तर सांगितल्याशिवाय टेकायचे नाहीत. वामनरावांनी हात जोडले. अण्णा लगेच आले.

त्यांनी पोचे नीट पाहिले. सोंडेनं चाचपले. हळहळले. “थंडीत असं होतं खरं,” असं म्हणाले. वामनरावांचे डोळे भरून आले. आठ दिवसांत त्यांच्याशी इतकं मायेनं कोणी बोललं नव्हतं.

“कुठं सही करू?” अण्णांनी विचारलं.

आता मुलांनो, आपल्याकडे मोठं माणूस आलं आणि कामाचं बोलू लागलं तर आपण काय म्हणतो? वामनरावही तेच म्हणाले. वळण चांगलं होतं त्यांना.

“होईल हो सही. आधी बसा तर खरं!”

“नको, नको. ठीक आहे.”

“असं कसं? बसा ना.”

“उगीच कशाला...”

“माझी शपथ आहे. बसा!”

शपथ घातल्यावर हत्तीअण्णांचा नाइलाज झाला. तिथं बसण्यासारखी एकच वस्तू होती. अण्णा त्या वस्तूवर बसले, आणि सावकाश, वळणदार अक्षरात त्यांनी सही केली.

अण्णा उठले तेव्हा गाडीची उंची राहिली नव्हती. लांबी आणि रुंदी मात्र होती.

संक्रांतीच्या दिवशी सकाळी बगळेसाहेब शेवटच्या पाहणीला आले. वामनराव गाडीपाशीच बसून होते. साहेबांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. मग गाडीवरून एक फेरी मारली.

“मूळ पोचा दाखवा.”

“कुठला?”

“वाटीएवढा. डाव्या बाजूचा. दावा त्याचा आहे.”

वामनरावांनी शोधलं. साहेबांनी शोधलं. माकडाला, घोरपडीला बोलावलं. दुपार कलली तरी शोध चालूच होता. पोचा असायला आजूबाजूला थोडं तरी न चेपलेलं असावं लागतं. इथं तसं काहीच उरलं नव्हतं.

शेवटी साहेबांनी लिहिलं : ‘पाच पंचांसमक्ष पाहणी केली. मूळ पोचा आढळून आला नाही. पृष्ठभाग सर्वत्र एकसारखा. सबब दुरुस्तीची गरज नाही.’ त्यांनी वामनरावांशी हात मिळवला आणि म्हणाले, “अभिनंदन. इतका पूर्ण पंचनामा मी नोकरीत पाहिला नाही.”

खरं सांगतो, त्या क्षणी वामनरावांना अभिमान वाटला. थोडाच, पण वाटला.

ते कागद घेऊन घरी पोचले तेव्हा दिवस मावळत होता. अंगणातून हळदीकुंकवाच्या बायका परतत होत्या. त्यांनी वाण घेतलं होतं, नवी नवरी बघायला मिळाली नाही म्हणून कुजबुज केली होती. ओटीवर हलव्याचे दागिने ताटात तसेच मांडलेले होते. आणि शेवटची बाई फाटकातून बाहेर पडली, तेव्हा फाटकातून कुंदा आत आली.

तिच्या पायांना फुफाटा होता आणि शेपटीला कुसळं चिकटली होती. ती पायरीवरच बसली. सिंधूबाई पाण्याचा तांब्या घेऊन धावल्या.

“कशानं आलीस गं?” वामनरावांनी विचारलं.

“चालत. सकाळपासून तयार होऊन अंगणात उभी होते. सासूबाई म्हणाल्या, येतील गं. दुपारपर्यंत उभी राहिले. मग वाटलं, तुम्हांला काही झालं की काय. म्हणून निघाले.”

“मला काही नाही झालं. गाडीला पोचा आला होता.”

कुंदानं तांब्या खाली ठेवला. “बाबा, माझं लग्न ठरवायला आला होतात, तेव्हा कसे आला होतात?”

“चालत,” वामनराव म्हणाले. “तेव्हा गाडी नव्हती ना.”

बोलून गेले आणि मग त्यांना ऐकू आलं आपण काय बोललो ते. फार लाज वाटली. लेकीची पहिली संक्रांत होती आणि ती पुन्हा येणार नव्हती. ते तिच्याशेजारी पायरीवर बसले आणि तिच्या शेपटीची कुसळं एकेक करून काढू लागले.

शेवटचं कुसळ काढून ते म्हणाले, “पुढच्या वर्षी मात्र बघ. नवी गाडी घेतो आणि गाडीनंच न्यायला येतो.”

कुंदा उठली आणि दागिने बघायला ओटीवर गेली.

तात्पर्य : मुलांनो, गाडीला पोचा आला तर घाईघाईनं काढू नये. रीतसर पाच पंच बोलवावेत आणि त्यांना आग्रहानं बसवावं, म्हणजे पोचा आपोआप नाहीसा होतो. लेकींची काळजी करू नये. त्यांना पाय असतात.