भिंतीवरचा गहू

बसवकल्याणकडच्या मेहकर गावात रत्नपालने सकाळी खोलीचे दार उघडले. नव्याने सारवलेल्या भिंतीवर गहू उगवला होता.

त्या भिंतीवर सगळे घर अवलंबून होते. कंडक्टरची नोकरी संपवून घरी बसल्यावर रत्नपालने आपले मातीचे घर मातीनेच दुरुस्त करायचा ध्यास घेतला होता. बायकोला, ज्योत्स्नाला, स्लॅब हवा होता. दर पावसाळ्यात गळणाऱ्या माळवदाखाली पातेली मांडायचे काम तिच्याकडेच असायचे, त्यामुळे तिचे चुकते असे म्हणायची कुणाची छाती नव्हती. शेवटी तिनेच तोड काढली. नवऱ्याने एक खोली नीट करून दाखवावी. स्लॅबची कामे घेणारा तिचा भाऊ अंबाजी बसवकल्याणहून येऊन ती बघेल. खोली चांगली असली तर घर मातीचे. बिघडली तर अंबाजीने तिथल्या तिथे स्लॅबची मापे घ्यायची.

रत्नपालने माळवदावर पांढऱ्या मातीचा थर दिला आणि आतल्या गिलाव्यासाठी अंगणात चिखल कालवला. माती, शेण आणि गव्हाचे भुसकट. असा चिखल आंबवावा लागतो, तरच तो भिंतीला घट्ट धरतो. पण आंबताना त्याला असा काही वास सुटतो की पाहुणे उंबऱ्यावरूनच परत फिरतात.

"आवं, ह्यो चिखल हाय का मेलेलं जनावर?" ज्योत्स्नाने नाकाला पदर लावला. "आजच्या आज भिंतीला लावा, न्हाईतर मी चालले माहेराला."

रत्नपालने अर्धाकच्चा चिखल लावून टाकला. भुसकटातले चुकार दाणे आंबल्यावर कुजून जातात, हे त्याला ठाऊक होते. चिखल न आंबवल्यास ते काय करतात, याचा मात्र त्याने विचार केला नव्हता. त्यात ऊन कडक, म्हणून गिलाव्याला भेगा पडू नयेत यासाठी हा गडी सकाळ-संध्याकाळ भिंतीवर पाणी शिंपडत होता. पेरणी त्यानेच केली होती आणि पाणीही तोच देत होता.

"वाळूस्तवर आत येऊ नको," असे बायकोला बजावून त्याने एक रोप उपटून पाहिले. रोपाबरोबर गिलाव्याचे ढेकूळ हातात आले. मग त्याने मिशीची कात्री घेतली आणि तासभर खपून भिंत भादरली. दुसऱ्या दिवशी गहू आणखी दाट दिसला. आणि त्याच दुपारी अंबाजी यायचा होता.

ज्योत्स्ना बचत गटाच्या बैठकीला गेल्याबरोबर रत्नपालने शेजारच्या निलम्माची शेळी मागितली.

"अय्यो, भिंत चारायलाव व्हय अण्णा?" निलम्मा म्हणाली.

"हळू बोल अक्का. कुणाला सांगू नको."

"मी कामून सांगू?" असे म्हणून निलम्मा चपला घालून थेट बैठकीला गेली.

शेळीने सुरुवात छान केली. मान पोचेल तिथवर तिने भिंत साफ केली. वरचा गहू दिसताच मात्र तिने पुढचे पाय भिंतीवर टेकले आणि खुरांनी दोन लांब ओरखडे काढले. रत्नपाल तिला मागे ओढत असतानाच दारात अंबाजी उभा राहिला. त्याच्यामागे ज्योत्स्ना, तिच्यामागे निलम्मा आणि अख्खा बचत गट.

"जय भीम, दाजी. ही शेळी?"

"जय भीम. ती... गिलावा बघायली."

ज्योत्स्नाने ओरखडे पाहिले, हिरवी भिंत पाहिली आणि भावाला म्हणाली, "घे मापं."

रत्नपालला फार वाईट वाटले. त्यानेच टेपचे टोक धरले. एक भिंत मोजून झाली. दुसऱ्या भिंतीपाशी अंबाजीने सवयीने कपाळ पुसले आणि हाताकडे पाहिले. हात कोरडा होता.

"अक्का, कूलर कुठं लावलास गं?"

"कूलर कशाचा? सकाळपासून लाईट न्हाई."

"असं? मग जरा पाठ टेकतो."

तो खोलीतल्याच बाजेवर आडवा झाला आणि लगेच घोरू लागला. गटातल्या बायका शेळी बघायला म्हणून एकेक करून आत आल्या आणि भिंतीकडेने बसल्या. बैठक तिथेच पुरी झाली. निलम्माने तर पाय पसरले. ज्योत्स्ना आधी उंबऱ्यावर उभी होती, मग आत आली, मग तिने चहा तिथेच मागवला. तो अर्थात रत्नपालनेच केला.

उन्हे उतरल्यावर अंबाजी उठला. त्याने बायका जायची वाट पाहिली आणि आवाज खाली आणला.

"दाजी, माझ्या स्लॅबच्या घरात दुपारी कुत्रं बी बसंना. माझ्या अंगणात अशी एक खोली बांधून देताव का? फकस्त कुणाला सांगू नका, धंदा बसंल."

रत्नपालने तोंड उघडले, पण ज्योत्स्ना त्याच्या आधी बोलली.

"त्यास्नी सवड न्हाई. आदी आमच्या दोन खोल्या हायत. मग निलम्माची पडवी. तुझं दिवाळीनंतर बघू."

"अक्का, सख्खा भाऊ हाय की मी!"

"म्हणून तर दिवाळी म्हणायले. न्हाईतर पुढल्या उन्हाळ्यावर गेलं असतं."